बिनशेपटीचं विमान कुणी पाडलं?

"माझं विमान पडलं नाही. पाडलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी बापूच्या दाढेत ड्रिल घातलं.

बापू विव्हळला, पण त्याच्याकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ नव्हता. दाढ त्याची असली, तरी शेजारी बसलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीला आता दाढेपेक्षा विमानात जास्त रस होता. तिला सगळे आक्का म्हणत. खासगी तपास हा तिचा धंदा आणि तिची गाडी चालवणं हा बापूचा.

विमान औषधांच्या कपाटावर ठेवलेलं होतं. रिमोटवर उडणारं, थर्माकोलचं, दोन हात रुंद. नुसता एक पंख, शेपूट नाहीच. नाक चेपलेलं आणि डावी बाजू मोडलेली.

"सकाळी मैदान रिकामं असताना कितीदा उडवलंय मी ते. मुकाट उडतं," डॉक्टरबाई ड्रिल न थांबवता म्हणाल्या. "परवा सगळ्या क्लबसमोर सोडलं, तर थेट नाकावर. आता रविवारी सभा. बिनशेपटीच्या विमानांवर बंदीचा ठराव. दुसरं मैदान आसपास नाही. म्हणजे माझं उडवणं संपलं."

"पाडलं कशावरून?"

बाईंनी हनुवटीनंच पंखाची मागची कड दाखवली. तिथं दोन हलत्या पट्ट्या होत्या. "साध्या विमानाचं नाक शेपूट सावरते. याला शेपूटच नाही, म्हणून या पट्ट्या कायम किंचित वर ठेवाव्या लागतात. सपाट केल्या की नाक खाली. मी वर ठेवल्या होत्या. आता बघा, दोन्ही सपाट."

"आपटून झाल्या असतील."

"डावी बाजू मोडली, उजवीला ओरखडा नाही. तरी दोन्ही सारख्याच सपाट?"

आक्का उठून विमानाजवळ गेली. "उडवण्याआधी तपासलं नव्हतं?"

"पट्ट्यांच्या तारा ज्या स्क्रूंनी धरलेल्या असतात, ते आवळून मी त्यावर नेलपॉलिशचा थेंब टाकते. थेंब तडकला तर स्क्रू हलला. त्या दिवशी थेंब शाबूत होते, म्हणून पुढं पाहिलंच नाही."

आक्कानं एका स्क्रूवरचा लाल थेंब नखानं खरवडला. थर निघाला. त्याखाली आणखी एक लाल थर होता, तडकलेला.

"आदल्या दिवशी विमान कुठं होतं?"

"क्लबच्या शेडमध्ये. माझ्या नवऱ्यानं नेऊन ठेवलं. नंतर विमानांचं सामान विकणारा दुकानदार बॅटरी देऊन गेला. आणि किल्ली कॅप्टनकडे, म्हणजे क्लबच्या अध्यक्षाकडे असते."

"विमान दुरुस्त करा. पट्ट्यांचे स्क्रू मात्र सैल ठेवा," आक्का म्हणाली.

ड्रिलच्या घरघरीत बापूला यातलं अक्षरही ऐकू आलं नव्हतं.

डॉक्टरबाईंचा नवरा घरी जेवणाच्या टेबलाशी बसला होता. टेबल रिकामं होतं आणि त्यालाच ते चुकल्यासारखं वाटत होतं. "इतके दिवस मी मांडीवर ताट घेऊन जेवलो," तो म्हणाला. "टेबलावर हे विमान! वैताग होता, खरं सांगतो. पण हिला उडवताना बघितलंय का तुम्ही? ते मोडायला मी काय वेडा आहे?"

"सभेत दाखवायचंय. पट्ट्या लोंबतायत, नीट बसवून द्या," आक्का म्हणाली.

"मला यातलं काय कळतं?" असं म्हणत, दोनदा स्क्रूड्रायव्हर पाडत त्यानं पट्ट्या बसवल्या. अगदी सपाट.

आक्कानं गाडीत स्क्रू पुन्हा सैल केले.

दुकानदार जास्त मोकळा निघाला. "मी शेपटीवाल्या विमानांचे संच विकतो. उद्या सगळेच घरी थर्माकोल कापायला लागले, तर मी काय माशा मारत बसू? पण बिनशेपटीचं मला ठाऊक नाही बुवा." त्यानं मोजायची पोलादी पट्टी लावली आणि पंखाच्या रेषेत पट्ट्या बसवल्या. त्याही सपाट. बाहेर पडताच आक्कानं स्क्रू परत सैल केले.

कॅप्टन शेडमध्ये ठराव लिहायला फळा पुसत होता. "मला त्यातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही," तो गरजला. "शेपटीशिवाय विमान उडत नाही, हे मी कधीपासून ओरडून सांगतोय!"

आक्का त्याला त्याच्या जुन्या विमानांबद्दल विचारत राहिली आणि बोलता बोलता तिनं हे विमान त्याच्या हातात दिलं. कॅप्टन आपल्या पराक्रमांत रंगला. सांगता सांगता त्यानं एक डोळा मिटून पंख नजरेसमोर धरला, पट्ट्या बसवून स्क्रू आवळले आणि विमान परत दिलं.

"पट्ट्या थोड्या वर राहिल्या गं," गाडीत बापू हळहळला. "नजर अधू झालीय बिचाऱ्याची."

"बापू, दाढ दुखतेय?"

"नाही."

"मग गप्प बसायला काय घेशील?"

रविवारी शेड भरली होती. कॅप्टन ठराव वाचायला उठला, तशी आक्काही उठली.

"आधी एक हिशेब मिटवू. या विमानाच्या पट्ट्या कुणीतरी सपाट केल्या. असं दोघंच करतील. काहीच न कळणारा, मदत म्हणून. नाहीतर सगळं कळणारा, पाडायचं म्हणून. पण मदत करणारा चार जणांना सांगत फिरतो. यानं स्क्रू फिरवून तडकलेल्या थेंबावर नवा थेंब टाकला. झाकायचं होतं त्याला. म्हणजे जाणकार. आता तिघंही म्हणतात, आम्हाला काही कळत नाही. म्हणून तिघांना एकच काम दिलं. नवऱ्यानं सपाट बसवल्या. दुकानदारानंही. दोघं अडाणी."

"अडाणी कुणाला म्हणता?" दुकानदार उसळला.

"तुम्हाला. आनंद माना. तिसऱ्यानं पट्ट्या किंचित वर बसवल्या. दोन्ही सारख्या. कॅप्टन, खोटं बोलायला तुमचं तोंड सरावलं होतं. हात सरावला नव्हता. आयुष्यभर विमानं जुळवलेला हात बेसावध असताना चुकीचं बसवूच शकत नाही."

"आणि मी म्हटलं, नजर गेली," बापू पुटपुटला.

कॅप्टननं नाही म्हणायला तोंड उघडलं. मग खुर्ची ओढून तो बसला.

"बांधली होती मी," तो म्हणाला. "लपून, एकामागून एक. पट्ट्यांचं गणित सुटलं, पण तोल साधायला वजन कुठं ठेवायचं ते कधी जमलंच नाही. एकही धड परत आलं नाही. आणि एका सकाळी बघतो तर हिचं डोक्यावर घिरट्या घालतंय. जळलो मी. चुकलो. पण ठराव मागे घेणार नाही. ही विमानं धोक्याची आहेत."

 डॉक्टरबाईंनी विमान उचललं आणि त्या सरळ मैदानात गेल्या. सभा त्यांच्यामागून उठली.

"परवानगी नाही!" कॅप्टन मागून ओरडला.

"मागितलीय कुणी?" बाई वळून म्हणाल्या. "पट्ट्यांना मी हात लावलेला नाही, कॅप्टन. तुम्ही बसवल्यात तशाच आहेत. वजन माझं, पट्ट्या तुमच्या. आता पडलं तर दोघांचं पडेल."

नवऱ्यानं विमान डोक्यावर धरलं आणि जीव खाऊन फेकलं. ते क्षणभर खाली गेलं. दुकानदारानं डोळे मिटले. मग विमानानं नाक उचललं आणि ते चढलं. शेडवरून, झाडांवरून, मैदानाला मोठा वळसा घालून.

कॅप्टन मान वर करून बघत होता. विमान वळेल तसा तोही जागेवर वळत होता.

बाईंनी विमान वळवलं, मोटर बंद केली आणि ते गवतावरून घसरत त्याच्या बुटांपाशी आणून थांबवलं. त्यानं वाकून ते उचललं, उलटंपालटं करून पाहिलं. कुठं चीरही नव्हती.

"आलं परत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता वाचा तुमचा ठराव."