ज्या गाडीत पाणी ठेवत नसत

एका दुखण्यातून घर सावरलं, तेव्हा मी एक नेम धरला होता. रात्री निजण्याआधी फाटकाबाहेर पाण्याचं भरलेलं भांडं झाकून ठेवायचं, शेजारी पेला ठेवायचा, आणि सकाळी किती उरलं ते बघायचं नाही. घरात कोणी हसलं, कोणी म्हणालं, मांजरं पितात. पिऊ देत. हा नेम मला कुठल्या पुस्तकातून मिळाला नाही, मामंजींच्या तोंडून मिळाला. दिवे गेलेल्या एका रात्री त्यांनी गच्चीवर पोरांना एक गोष्ट सांगितली होती. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून ऐकली. जशी आठवते तशी सांगते.

"भुताची सांगा," थोरला पुतण्या म्हणाला.

"भुताची की खरी?" मामंजींनी विचारलं.

"खरी भुताची."

"मग मध्ये बोलायचं नाही. आणि ज्याला खाली जायचंय त्यानं आत्ताच जाऊन यावं. नंतर सोबत मिळणार नाही."

कोणी उठलं नाही. मामंजींनी पाय पसरले आणि सुरुवात केली.

त्यांच्या शेजारी एक गृहस्थ राहत. दातांच्या कवळ्या बनवायचा त्यांचा धंदा. सगळे त्यांना कवळीवाले म्हणत, आणि तेही म्हणत, "अर्धं गाव माझ्या दातांनी जेवतं, पण माझ्यावर दात धरायचं काही सोडत नाही." माणूस हसरा. पण बायकोच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि चार वर्षांत ते हसू नुसतं ओठांवर उरलं. आठवड्यातून तीनदा तिला मशीनवर न्यायचं, आणायचं, रात्री जागं राहायचं, सकाळी उठून लोकांचे दात घासून गुळगुळीत करायचे. थकवा असा अंगात मुरला होता, की जिना चढताना ते मधेच थांबत आणि आपण वर चाललोय की खाली, हेच विसरत.

त्या दुखण्यात पाणीसुद्धा मोजून प्यायचं असतं. दिवसभराचं मिळून दीड पेला, त्यातच चहा. म्हणून त्या घरात पाणी दिसेल असं ठेवत नसत. माठ काढून टाकलेला. पिण्याचं पाणी कपाटात, कुलपात. नळाशी ती उभी राहिली की कवळीवाले हलकेच म्हणत, "पुरे गं." दिवसातून किती वेळा हे 'पुरे गं' म्हणावं लागे, आणि म्हणताना त्यांचाच घसा कोरडा पडे. गाडीतही बाटली ठेवायची नाही, हा त्यांचाच नियम.

गाडी म्हणजे तिच्या वडिलांची जुनी काळी मोटार. सगळे तिला म्हातारी म्हणत. गोल डोळ्यांसारखे दिवे, लांबलचक नाक, सोफ्यासारखी मागची सीट. वडिलांनी ती लेकीसारखी सांभाळली आणि लेकीलाच देऊन गेले.

"फेब्रुवारीतला दुसरा गुरुवार होता," मामंजी म्हणाले. "रात्री अकराला त्यांच्याकडे फोन वाजला."

मोठ्या शहरातल्या इस्पितळातून फोन होता. किडनी मिळाली आहे, जुळते आहे. पहाटे चारच्या आत पेशंट दाखल झाला पाहिजे, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावतील. चार वर्षं ज्या फोनची वाट पाहिली तो आला, आणि कवळीवाले रिसीव्हर हातात धरून नुसते उभे राहिले. टॅक्सीवाल्याला फोन केला, तो उचलेना. मामंजींच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, ते गाडी चालवू शकत नव्हते. त्यांनी पिशवी उचलून गाडीत ठेवली एवढंच.

"सावकाश जा," ते म्हणाले.

"सावकाश जायला वेळ कुठाय भाऊ?" कवळीवाले म्हणाले. "आणि जोरात जायला गाडी कुठाय?"

निघाले. मधे एक डोंगर. चढ लागला तसा तापमानाचा काटा हळूहळू वर सरकू लागला. कवळीवाल्यांनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. थकलेला माणूस असंच करतो. निम्मा चढ झाला आणि गोडसर, करपल्यासारखा वास आला. मग नाकातून वाफ. पांढरी, भसाभस. समोरचा रस्ता दिसेना. गाडी कडेला घेतली, बंद केली.

रात्रीचा एक वाजायला आला होता. फोनला रेंज नाही. मागून-पुढून एकही दिवा नाही.

त्यांनी बोनेट उघडलं, टॉवेल हाताला गुंडाळला आणि रेडिएटरचं टोपण पिरगाळायला हात घातला.

"अहो, थांबा!" ती आतून ओरडली. "तोंड भाजेल. बाबा म्हणायचे, तापलेल्या म्हातारीचं तोंड उघडू नये. आधी तिची टिकटिक थांबू दे."

तापलेलं लोखंड निवताना टिकटिकतं. दोघं ती टिकटिक ऐकत बसली. घड्याळ एकीकडे पळत होतं, ही टिकटिक दुसरीकडे रेंगाळत होती. तिनं डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलं.

"नाही पोहोचलो तर नाही पोहोचलो," ती म्हणाली. "कुणाला तरी मिळेलच की ती. वाया नाही जायची."

"गप्प बस."

"तुम्ही दमलात हो."

"मी म्हटलं, गप्प बस."

टिकटिक थांबली. टॉर्च लावून पाहिलं, तर वरचा रबरी पाइप भेगाळून फाटला होता. पाणी सगळं रस्त्यावर. पण हाताला काम मिळालं तसा माणूस जरा जिवंत झाला. तिच्या पिशवीतली पट्टी घेतली, पाइपावर घट्ट गुंडाळली. धंद्याची पेटी डिकीत होतीच. कवळीची गुलाबी भुकटी आणि ती घट्ट करणारं बाटलीतलं रसायन वाटीत कालवून पट्टीवर लेप दिला. थोड्या वेळात तो दगडासारखा झाला.

"म्हातारीला कवळी बसवली," ते म्हणाले, आणि ती कितीतरी दिवसांनी खुदकन हसली.

मग त्यांनी पाण्यासाठी हात मागे नेला. हात तसाच राहिला.

गाडीत पाणी नव्हतं. थेंबभरही नव्हतं.

"मीच," ते म्हणाले. "मीच ठेवू दिलं नाही."

तिनं फक्त बोट दाखवलं. रस्त्याच्या खाली, झाडांच्या मागे, एक मिणमिणता उजेड होता.

कवळीवाले पायवाटेनं उतरले. एकच खोली. दार अर्धवट उघडं. आतल्या कोनाड्यात दिवा. उंबऱ्यावर बादली, काठोकाठ भरलेली.

"कुणी आहे का घरात?"

कोणी नाही.

"ताई... दादा... पाणी नेतो हं. गाडी बंद पडलीय."

आत काहीतरी हललं. कपड्याची सळसळ. मग तीही नाही.

त्यांनी बादली उचलली, वर आणली. रेडिएटरच्या तोंडात हळूहळू ओतली. ओतावं तेवढं खालून धो धो वाहून गेलं. खालच्या बाजूची तोटी कधीतरी सैल झाली होती, ती त्यांनी पाहिलीच नव्हती. कवळीवाले बादली टाकून रस्त्यावरच बसले. डोक्याला हात लावला. रडायलासुद्धा ताकद लागते, ती नव्हती.

"उठा," ती म्हणाली. "तोटी आवळा. अजून एक खेप."

उठले. आवळली. पुन्हा उतरले. रिकामी बादली उंबऱ्यावर ठेवली आणि नळ, हौद, विहीर, काही दिसतं का म्हणून घराला फेरी मारली. काहीच नव्हतं. परत दाराशी आले.

बादली भरलेली.

काठोकाठ.

त्यांनी आत पाहिलं नाही. कडी धरली आणि चालू लागले. पाणी हिंदकळत होतं. पावलं वाजत होती. आपलीच... असं त्यांनी स्वतःला सांगितलं. थांबले. पावलं थांबली.

एक पाऊल उशिरा.

गच्चीवर धाकटी नात मामंजींच्या मांडीला चिकटली.

वर पोहोचले तेव्हा ती गाडीतून उतरून उभी होती. त्यांच्याकडे पाहत नव्हती. त्यांच्या मागे पाहत होती.

"अहो..."

"काय?"

"मागे वळू नका."

"कोण आहे?"

"बाई आहे. म्हातारी. हातात पेला आहे... रिकामा."

त्यांच्या कानामागे कोणीतरी श्वास घेतला. कोरडा. वाळक्या पानासारखा.

"मला पण..."

एवढंच. मग पुन्हा.

"मला... पण..."

बादलीत जेमतेम रेडिएटरपुरतं पाणी. पलीकडे पहाटेचे चार. चार वर्षांची वाट. कवळीवाल्यांच्या ओठांवर सवयीनं तेच शब्द आले. पुरे गं. ते म्हणणारच होते.

"द्या तिला," बायको म्हणाली. आवाज कापत होता, पण म्हणाली. "चार वर्षं मी एकीनं तहान काढलीय. तहान म्हणजे काय ते मला विचारा. द्या. कुणाला तरी पोटभर पिऊ दे."

त्यांनी न वळता बादली मागे धरली.

पेला पाण्यात बुडल्याचा आवाज.

घट... घट... घट...

पुन्हा बुडला. पुन्हा. बादली हलकी होत गेली. एक थेंब खाली पडला नाही. बायकोनं डोळे मिटले होते, ओठ हलत होते, जणू तीच पीत होती.

मग शांत.

खूप वेळ... शांत.

"गेली," ती म्हणाली.

खाली झाडांमागे उजेड नव्हता. बादलीच्या तळाशी चार बोटं पाणी. कवळीवाल्यांनी तेवढं ओतलं, लेपावर दाब नको म्हणून टोपण सैलच बसवलं आणि किल्ली फिरवली. म्हातारी एका झटक्यात सुरू झाली. काट्याकडे बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. तीच बघत होती.

"वर जातोय का?"

"नाही."

"आता?"

"नाही हो. चला."

सगळा डोंगर चढून, उतरून, काटा जागचा हलला नाही. दोघांपैकी कोणी मागच्या सीटकडे पाहिलं नाही. चारला थोडा वेळ असताना ते इस्पितळाच्या दारात होते.

"मग?" पुतण्यानं न राहवून विचारलं. "वाचल्या का त्या?"

"वाचली म्हणजे? अजून माझ्याशी भांडते," मामंजी म्हणाले. ऑपरेशन झालं, किडनी लागली. काही दिवसांनी नर्सनं तिच्या हातात पाण्यानं भरलेला पेला दिला आणि म्हणाली, "प्या, आता जास्तच प्यायचं." कवळीवाले सवयीनं पुढे झाले, आणि मग मागे सरून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ती अख्खा पेला पिताना ते ऐकत होते.

त्या घराचा तपास त्यांनी कधी केला नाही. मामंजींनी विचारलं तेव्हा म्हणाले, "जिनं पाणी दिलं तिचं गोत्र कशाला विचारायचं?"

पण एक गोष्ट राहिली. घरी परत आल्यावर गाडी धुताना त्यांना बोनेटवर एक गोल कडं दिसलं. पेल्याच्या बुडाएवढं. ओलं. पुसलं, तरी पुन्हा आलं. पॉलिश केलं, तरी आलं. मामंजींनी स्वतः पाहिलं आहे. भर दुपारी, गाडी लांबून आलेली, बोनेटवर हात ठेववत नव्हता. त्यांनी त्या कड्यावर बोट टेकवलं.

गार. नुकत्या भरलेल्या पेल्यासारखं गार.

गोष्ट संपली. मग धाकटी नात उठली, अंधारातच जिना उतरून खाली गेली, आणि मला आधी माठात पेला बुडल्याचं, मग फाटकाची कडी वाजल्याचं ऐकू आलं.

म्हणून सांगते. फार काही करायचं नाही, पैसा लागत नाही, पुण्य मोजायचं नाही. दिवसभराचं काम संपवून, अंग मोडून आलेलं असलं तरी, तेवढं एक भांडं भरून तुम्हीही दाराबाहेर ठेवत जा. आणि रात्री पेला वाजला, तर उठून बघू नका. पिऊ द्या.