दुसरं इंजेक्शन

अंगणातल्या फरशीवर मुंग्यांची ही लांबच लांब रांग लागली होती. ऋजुता खाली वाकून पाहू लागली. तिथे गूळ सांडलेला नव्हता, की बिस्किटाचा चुराही नव्हता. मघाशी खंड्यानं तिथे शू केली होती, एवढंच.

"आजोबा, मुंग्या चक्क शू प्यायला आल्यात!" ती ओरडली.

अंबाजोगाईच्या त्या घरात ऋजुता, तिचे आजोबा, नऊ वर्षांचा तांबूस कुत्रा खंड्या आणि ठिपका नावाचा यंत्रमानव असे चौघे राहत होते. आईबाबा चंद्रावरच्या वेधशाळेत कामाला होते. सन २०६१ होतं ते. आजोबा निवृत्त झालेले जीवरसायनशास्त्रज्ञ (सजीवांच्या शरीरातल्या रसायनांचा अभ्यास करणारे). मुंग्या पाहताच त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"ठिपक्या, तपास बरं," ते म्हणाले.

ठिपक्यानं आपलं बारीक बोट फरशीला टेकवलं. "साखर आहे. भरपूर."

ऋजुता थक्क झाली. खंड्या हल्ली दोन-दोन वाडगे भात फस्त करायचा, बादलीभर पाणी प्यायचा, आणि तरी त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. इतकं खाऊन तो वाळत कसा चालला होता?

उत्तर जनावरांच्या डॉक्टर मुजावरबाईंनी दिलं. "मधुमेह. रक्तातली साखर चारशे साठ. शंभराच्या आसपास हवी."

"कुत्र्यांनाही मधुमेह होतो?"

"होतो तर!"

आजोबांनी टेबलावरचा कागद ओढून त्यावर छोट्या छोट्या खोल्या काढल्या. "शरीर म्हणजे अशा कोट्यवधी पेशींची वस्ती. अन्नातली साखर रक्तातून पेशींच्या दारापर्यंत येते. पण दार आपोआप उघडत नाही. पोटातलं स्वादुपिंड (जठरामागची एक ग्रंथी) इन्सुलिन नावाचं रसायन तयार करतं. ते आलं की दार उघडतं. खंड्याच्या स्वादुपिंडानं इन्सुलिन बनवणंच जवळजवळ थांबवलंय."

"म्हणजे बाहेर साखरेचा पूर आणि आत सगळे उपाशी?"

"अगदी तसंच. म्हणून तो वाळतो. मूत्रपिंडं जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात आणि ती साखर पाणीही ओढून नेते. म्हणून त्याला सारखी तहान लागते."

ऋजुताला खंड्याकडे बघवेना. उपाशी असलेल्या कुत्र्याला ती 'खादाड' म्हणून चिडवत आली होती!

त्या दिवसापासून खंड्याचं गोड बंद झालं. डॉक्टरबाईंनी त्याच्या मानेवर रुपयाएवढी चकती चिकटवली. तिच्यावरून ठिपक्याला रक्तातल्या साखरेचा अंदाज कळायचा. दर बारा तासांनी, जेवण झाल्यावर, इन्सुलिनचं इंजेक्शन द्यायचं. पाठीवरची सैल कातडी चिमटीत धरून बारीक सुई कशी टोचायची, ते ऋजुता आठवड्याभरात शिकली. खंड्याच्या अंगावर हळूहळू मांस चढू लागलं.

मग तो रविवार उजाडला.

आजोबा मागच्या खोलीत कामात होते. सकाळी सातला खंड्यानं खाणं संपवलं आणि ऋजुतानं सुई टोचली. तेवढ्यात बाहेर काहीतरी वाजलं, खंड्या दचकून हलला. तिनं हात लावून पाहिलं, तर केस ओले लागले. सगळं औषध बाहेरच सांडलं की काय?

"एक डोस दिल्याची नोंद झाली आहे," ठिपका म्हणाला.

"अरे, तो सांडलाय! मी पुन्हा देते."

"आजोबांना विचारावं."

"मला येतं!" असं म्हणून तिनं दुसरी सुई भरली आणि टोचलीसुद्धा.

"साखर दोनशे दहा," ठिपक्यानं सांगितलं. थोड्या वेळानं दीडशे. मग शंभर. ऋजुतानं आनंदानं टाळ्या वाजवल्या. आज आकडा कसा झरझर उतरत होता!

"सत्तर. धोका," ठिपका एकदम मोठ्यानं म्हणाला. "साठ. आजोबा, लवकर या!"

खंड्या उठायला गेला आणि त्याचे मागचे पाय फाकले. दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात तो कोसळला. अंग थरथरू लागलं. त्याची नजर ऋजुताच्या चेहऱ्यावरून आरपार गेली, जणू ती तिथे नव्हतीच.

आजोबा धावत आले. "मध आण! चटकन!"

"पण आजोबा, त्याला गोड बंद आहे ना?"

"आत्ता साखरेवाचून तो मरेल, ऋजू! पळ!"

तिनं बरणी आणली. आजोबांनी बोटानं खंड्याच्या हिरड्यांवर मध चोळला. "तोंडात ओतायचा नाही, घशात अडकेल." मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "इंजेक्शन किती वेळा दिलंस?"

'एकदा' हा शब्द तिच्या जिभेवर आला होता. तिनं तो गिळला. "दोनदा," ती म्हणाली. "मला वाटलं, पहिलं सांडलं."

आजोबांनी खंड्याला उचललं आणि दोघं थेट दवाखान्यात पोहोचली.

डॉक्टर मुजावरबाईंनी खंड्याच्या पायातून साखरेचं सलाईन सुरू केलं. दुपारपर्यंत तिघंही त्याच्याभोवती बसून होती. अखेर खंड्यानं मान उचलली आणि ऋजुताचा हात चाटला. तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

"सगळी दारं एकदम उघडली," ती हुंदके देत म्हणाली, "म्हणून रक्तात साखरच उरली नाही. हो ना?"

"हो. आणि मेंदूला तर तिचाच आधार असतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पहिलं इंजेक्शन आत गेलंच होतं; केस थेंबभर औषधानंही ओले होतात. डोस गेला की नाही अशी शंका आली, तर दुसरा द्यायचा नाही, मला विचारायचं. एक डोस चुकला तर एवढं बिघडत नाही. दुप्पट झाला तर जीव जातो. दोनदा दिलंस हे तू सांगितलंस, म्हणून मी सलाईन लवकर थांबवलं नाही. घाईनं थांबवलं असतं, तर तो पुन्हा कोसळला असता."

"पण मग आपल्या पोटातल्या स्वादुपिंडाला कसं कळतं, किती सोडायचं ते?"

"ते सतत मोजत असतं," आजोबा म्हणाले. "आपण दिवसातून दोनदा अंदाज बांधतो, ते क्षणाक्षणाला हिशेब जुळवतं. तू झोपलेली असतानासुद्धा."

सकाळपासून ऋजुतानं केळं खाल्लं होतं, ती धावली होती, घाबरली होती, रडली होती. आणि आत कुणीतरी न चुकता मोजत होतं!

"तसं मोजणाऱ्या जिवंत पेशींची इवली कुपी आम्ही इथल्याच प्रयोगशाळेत बनवतोय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कातडीखाली बसवायची. पुढच्या वर्षी कुत्र्यांवर पहिली चाचणी होईल. अजून तिला इन्सुलिन सोडणं वेळेवर थांबवायला जमत नाही."

"मी बघू शकते ती? आत्ता?"

डॉक्टरबाईंनी कुपी भिंगाखाली ठेवून सूक्ष्मदर्शक तिच्यासमोर सरकवला. ऋजुतानं डोळे पुसले आणि भिंगाला डोळा लावला.