सतरा नंबरची साखळी

हेस्टर व्हिटलॉक मासिकांत गोष्टी लिहायची आणि वर्तमानपत्रात बातम्या. बाई भलतीच चिवट आहे, असं दोन्हीकडचे संपादक म्हणत. पेन्सिल्व्हेनियातल्या त्या कोळशाच्या खाणीत स्फोट झाला, त्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता ती कामगारांच्या न्हाणीघरात उभी होती. सोबत झुझाना होती. तिचा नवरा ओंद्रेय घरी परतला नव्हता आणि त्या दिवशी खाली उतरलेल्यांच्या कंपनीच्या यादीतही नव्हता. यादीतली प्रेतं मिळाली म्हणून शोध थांबवला होता. आतली आग विझावी म्हणून पाचच्या भोंग्याला खाणीचं तोंड बंद होणार होतं.

कामगार घरचे कपडे आकड्याला अडकवून साखळीनं छताला चढवायचे, साखळीला कुलूप लावायचे आणि किल्ली गळ्यात घालून खाली उतरायचे. मेलेल्यांचे कपडे अजून वर लोंबत होते. ओल्या लोकरीचा वास येत होता. ओंद्रेयच्या सतरा नंबरच्या साखळीला मात्र कुलूप नव्हतं, छताजवळचा आकडाही रिकामा.

"बघा," कारकून पेल म्हणाला, "कपडे घेऊन पळाला तो. तुम्ही आपल्या गोष्टीच लिहा, बाई."

"गोष्ट असती, तर तुमच्या तोंडी जरा बरी थाप घातली असती." हेस्टर बाकावर बसली. "मी इथून हलत नाही."

"कोपराला निळं ठिगळ आहे हो त्याच्या कोटाच्या," झुझाना कुजबुजली. "मीच लावलंय. मला न सांगता तो कुठं जायचा नाही…"

वर काहीतरी करकरलं. सतराची साखळी कडी-कडीनं खाली येऊ लागली. तिला कुणाचाच हात लागला नव्हता. आकड्याला कोट होता. कोपराला निळं ठिगळ.

पेल भिंतीला टेकला. "मी… मी तर भट्टीत घातला होता… या हातांनी…"

हेस्टरनं वही उघडली. "कुणाचा कोट?"

"ओंद्रेयचा. नोंद न करता खाणीत उतरवला होता त्याला… साहेब म्हणाले, कुलूप तोड…"

तिनं शब्दन् शब्द लिहिला, त्याची सही घेतली आणि कागद झुझानाच्या हातात कोंबला. "पळ! खाणीच्या तोंडाशी सरकारी तपासनीस उभा आहे, त्याच्याच हातात दे!"

पाच वाजून गेले. भोंगा झाला नाही. खाणीकडून माणसांची आरडाओरड ऐकू आली, फावडी वाजली. हेस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं.

"असा तो एकटाच होता ना?" तिनं विचारलं.

"देवाशपथ, बाई… एकटाच."

वर पुन्हा करकरलं. त्रेसष्ट नंबरची साखळी खाली येऊ लागली. त्या नंबरच्या माणसाची चौकशी करायला गावात कुणीच आलं नव्हतं.

हेस्टरनं वहीचं पान उलटलं. "नाव सांगा," ती म्हणाली.