झऱ्यावरचं केसाळ गवत

"आजी, थांब! हंडा भरू नको!" रुपी ओरडली.

मे महिन्यात सूर्यमाळच्या त्या पाड्याला एवढा एकच झरा उरला होता, आणि आज त्याचं पाणी चहासारखं तांबडं झालं होतं. रखमीआजीनं कपाळावर हात मारला. एरवी एक थेंब सांडला तरी ती पोरांना धपाटा घालायची.

"आता प्यायचं काय रं देवा?"

"वरून माती येतेय. चला, बघूच!" रुपीनं ठरवलं की ठरवलं! शेजारचा ढवळू आणि सुट्टीला आलेली मामेबहीण रविना तिच्यामागे धावले.

वरच्या झाडीत बघतात तो काय! उतारभर खड्डे! सावलीत वाढणारं गवत कुणीतरी मुळासकट काढून नेलं होतं. मोकळी झालेली माती घसरून झऱ्यात पडत होती.

"माकडांचं काम!" ढवळू म्हणाला.

"माकडं कुदळ घेऊन येतात होय रे?" रविना हसली, पण लगेच गंभीर झाली. "पावसात सगळा उतार खाली येईल. झराच बुजेल!"

रुपीनं उरलेल्या ठोंबाची एक काडी निरखली. प्रत्येक पेरावर पांढऱ्या केसांचं कडं होतं.

"बांधावरच्या गवताला असे केस नसतात. ज्याच्याकडे ही काडी सापडेल, त्यानंच खणलंय!"

खाली खाचरात तिच्या चंदूकाकानं राब रचला होता. शेण, पातेरा आणि गवत जाळून त्या जागी तो नागली पेरणार होता. हातात काडेपेटी तयारच!

"काका, हे गवत कुठलं?"

"माझ्या बांधावरचं. व्हा बाजूला!"

रुपीनं बांधावरची एक काडी तोडली, राबातली एक उपसली आणि दोन्ही त्याच्या नाकासमोर धरल्या. एकीचं पेर गुळगुळीत, दुसरीचं केसाळ! काकाचा चेहरा उतरला.

"कापत बसायला वेळ नव्हता, म्हणून कुदळीनं काढलं. मेलेलं गवत ते!" म्हणत त्यानं काडेपेटीवर काडी ओढून पेटवली.

धप्प! ढवळू राबाच्या मधोमध जाऊन बसला.

"ऊठ रे गाढवा!"

"नाय उठत! लाव आता काडी!"

तेवढ्यात रुपीनं एक ठोंब सोलला. वाळक्या पात्यांच्या आत, मुळाशी, हिरवट कोंब दडला होता.

"हे मेलेलं? वरून वाळतं काका, मुळाशी जिवंत राहतं. दरवर्षी तिथूनच फुटतं आणि झऱ्याची माती धरून ठेवतं!"

काका कोंबाकडे बघत राहिला. हातातल्या पेटत्या काडीनं बोट पोळलं तेव्हा कुठे भानावर आला.

"चुकलं गं पोरी. चला, पुन्हा लावू."

अंधार पडेपर्यंत चौघांनी ठोंब लावले, खाली दगडांचा बांध घातला.

काही दिवसांनी झरा नितळ झाला. रखमीआजीनं हंडा भरला, पण ती घरी वळलीच नाही. उतार चढून तिनं तांब्याभर पाणी गवताच्या बुडाशी ओतलं.

"आजी, पाणी!" ढवळू किंचाळला.

"पिऊ दे. यांनी माती धरली म्हणून मला पाणी मिळालं, आन यांना तुम्ही वाचवलंत. शाब्बास रं लेकरांनो!"

मग तिनं रिकामा तांब्या, हंडा घेऊन मागून आलेल्या चंदूकाकाच्या हातात ठेवला.

"दुसरा तू ओत. तुझ्या हंड्यातला!"