एकाच पातेल्यातलं वरण

हवापडद्यावर यकृतातलं विकर गरगरत होतं. चार तुकडे एकमेकांना बिलगलेले, प्रत्येकात एक अरुंद बोगदा आणि तळाशी गंधकाचा एक अणू. दारूचं पोटात गेल्यावर जे विष होतं, ते या बोगद्यात शिरतं, गंधकाला चिकटतं आणि निरुपद्रवी होऊन बाहेर पडतं. उल्का शेवाळेने बनवलेला कुलूपरेणू नेमका त्या गंधकावर जाऊन बसला होता. कायमचा.

"आता घोटभर प्यायला तरी भडाभडा ओकतो माणूस," उल्का म्हणाली. "आमचे अण्णा ओकले की! महिन्यामागेच आईला पुड्या दिल्यात, वरणात घालायला."

प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. टिळेकर उडालेच. "परवानगी नाही, काही नाही? त्यांना न सांगता?"

"सांगून कोण खातं हो सर? तुमची परवानगी येईपर्यंत आईनं मार खात बसायचं? आणि न पिणाऱ्याला काही होत नाही. तुम्हीच सही केलीय त्यावर."

फोन वाजला. अण्णा. तिचं डोकंच फिरलं. स्पीकर लावून ती खेकसली, "ढोसून फोन केलाय ना?"

"नाही गं. शिवलोच नाही कधीचा. तुझ्या आईच्या छातीत कळ आलीय. तिची ती जिभेखालची गोळी दिली, मग आणखी एक दिली. एरवी लगेच उतरतं, आज उतरतच नाही."

"जुनी असेल गोळी! बघून देता येत नाही?"

"कालच आणलीय."

टिळेकरांनी त्या गोळीचा रेणू पडद्यावर सोडला. तो बोगद्यात घुसला, तळाशी आपटला, परत फिरला.

"ही गोळी एकटी काही करत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "हेच विकर तिला फोडतं, तेव्हा शिरा सैल करणारा वायू सुटतो. त्याच गंधकावर."

"पण पुड्या अण्णांसाठी होत्या!" उल्का किंचाळली. "अण्णा, आई तुमचं वरण वेगळं काढते ना?"

"वेगळं कशाला? एकाच पातेल्यातलं खातो. हल्ली जेवायलाही सोबत बसते माझ्या."

उल्काने टेबलावर मूठ आपटली. "गोळी बास आता! गाडी काढा, दवाखान्यात न्या. चालवता येईल?"

"येईल. हात थरथरत नाही आता. पण डॉक्टरला काय सांगू, गोळी का लागू पडत नाही म्हणून?"

"सांगा, पोरीनं वरणात कुलूप घातलंय. दुसरं औषध द्या म्हणावं." तिचा आवाज फाटला. "आणि सांगा, किल्ली तिनं बनवलीच नाही."