आलो हो, आलो

तिखटमीठ लावून सांगत नाहीये. जसं घडलं तसंच सांगतोय.

ज्याच्यासोबत घडलं तो माझा सख्खा मावसभाऊ. भुताखेतांचा विषय निघाला की जांभई देऊन खुर्चीतच झोपणारा माणूस. आणि झोपला की असा घोरतो, की शेजारचे भिंत ठोकतात.

गोष्ट भरदुपारची आहे. दुपारची म्हणून सोडून देऊ नका.

त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, झेरॉक्सवाला आणि शिंपी यांच्या मधे. बिघडलेल्या हार्ड डिस्कमधून तो लोकांचे फोटो, फाइली बाहेर काढून देतो. म्हणून घरात सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. "काय रे, आजचा पेशंट वाचला का?" असं मावशी जेवताना रोज विचारते.

रविवारी दुकान खरं तर बंद असतं. पण त्या रविवारी कामाचा ढीग साचला होता. डोळे चुरचुरत होते, पाठ धरली होती. उरलंसुरलं उरकावं म्हणून तो शटर अर्धं वर करून बसला होता.

त्या अर्ध्या शटरखालून वाकून एक काकू आत आल्या.

हातात चादरीत गुंडाळलेला जुना कॉम्प्युटर. चेहरा इतका थकलेला, की डॉक्टरला स्वतःच्या पाठीची लाज वाटली.

"आज बंद आहे काकू."

"माहितीये हो. पण हा काल बंद पडला. आणि यांचा आवाज आहे ना त्यात."

त्यांच्या यजमानांचं घशाचं ऑपरेशन झालं होतं. त्यानंतर बोलता येणार नाही, हे आधीच कळलं होतं. म्हणून ऑपरेशनच्या आधी ते रोज कॉम्प्युटरसमोर बसून बोलून ठेवायचे. पेपर वाचायचे, बायकोला चिडवायचे, भांडायचेसुद्धा.

"आता हे नाहीत. तेवढाच आवाज उरलाय. दुसरीकडे कुठेच नाही."

डॉक्टरने डिस्क काढली आणि आपल्या मशीनला जोडली.

"काकू, ही शेवटच्या घटका मोजतेय. निघेल तेवढी कॉपी काढतो. मधेच अडकली तर माझेही हात टेकले."

काकू स्टुलावर बसल्या. डिस्क फिरायला लागली.

आणि मग...

टक टक... टक.

मरायला टेकलेली डिस्क वाजतेच. आतली सुई जागा शोधते, सापडत नाही, परत आपटते. पण ती एकसारखी वाजते, घड्याळासारखी. ही तशी वाजत नव्हती.

टक टक... टक.

ही मधे थांबत होती. कुणीतरी ओ देईल म्हणून वाट बघितल्यासारखी.

"आले हो!"

काकू ताडकन उठल्या होत्या. मग आपण कुठे आहोत ते लक्षात आलं आणि ओशाळून परत बसल्या.

डिस्क गप्प झाली.

स्क्रीनवर कॉपी सुरू झाली.

"आवाज गेल्यावर हे अशीच हाक मारायचे," काकू म्हणाल्या. "पलंगाच्या कडेवर बोटाने. दोनदा, मग एकदा. मी 'आले' म्हटलं की थांबायचे. नाही म्हटलं, तर वाजवतच राहायचे."

"योगायोग हो काकू." डॉक्टर हसला. पण हसू काही नीट जमलं नाही.

थोड्या वेळाने कॉपी अडकली.

टक टक... टक.

त्याने केबल बदलली. टेबलफॅन डिस्कच्या तोंडावर लावला. सगळे उपाय करून झाले. काही फरक पडेना.

शेवटी त्याने काकूंकडे बघितलं.

"आले," काकू म्हणाल्या.

कॉपी पुढे सरकली.

मग सगळी दुपार हेच. डिस्क अडकायची, काकू ओ द्यायच्या, डिस्क चालायची. दर वेळी काकूंचा आवाज आणखी खाली जायचा.

"कंटाळा नाही यायचा का काकू तेव्हा?"

"यायचा ना. रडू यायचं. जेवायला बसले की टक टक. डोळा लागला की टक टक. माणूस होते हो ते, त्यांचाही काय दोष? पण मीही माणूसच ना? आता जाऊन वर्ष होत आलं. तरी उठतेच मी."

"तरी म्हणजे?"

काकूंनी स्टूल भिंतीजवळ सरकवलं.

शेवटची एकच फाइल राहिली होती, तेव्हा काकूंचं डोकं भिंतीला टेकलं. डोळे मिटले.

टक टक... टक.

"काकू..."

हालचाल नाही.

टक टक... टक. टक टक... टक.

आता आवाज घाईचा झाला होता. डिस्क हाताला चटके देत होती. आणखी थोडं असंच चाललं असतं, तर ती फाइल कायमची गेली असती.

बिचारी दमलीये, झोपू दे. एवढाच विचार त्याच्या मनात आला. आणि तो हळूच म्हणाला...

"आलो हो, आलो."

सगळं शांत.

कॉपी पूर्ण झाली. डिस्क फिरायची थांबली, ती कायमचीच.

काकूंनी लगेच डोळे उघडले. "झालं?"

त्याने फाइल लावली. स्पीकरमधून एक खणखणीत आवाज आला. "अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास? सापडला तर हसू नकोस, माझ्याच डोक्यावर असेल."

काकू तोंडाला पदर लावून रडल्या, आणि रडता रडता हसल्या. पेनड्राइव्ह त्यांनी मुठीत घट्ट धरला. जुनी डिस्क मात्र टेबलावरच ठेवली.

"ही नको मला. राहू दे तुमच्याकडेच."

आठवड्याने त्यांचा फोन आला. आवाज ओळखू येईना, इतका टवटवीत.

"दादा, मी झोपतेय हो आता. घर अगदी शांत झालंय." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुम्ही... ओ नव्हती ना दिलीत?"

"छे छे," डॉक्टर म्हणाला.

"बरं," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तेव्हा तो जेवणाच्या टेबलाशी बसला होता. आणि टेबलाच्या कडेवर...

टक टक... टक.

डिस्क त्याने फोडली. तुकडे भंगारवाल्याला दिले. काही उपयोग झाला नाही. दुकानात, घरात, बाथरूममध्ये, कुठेही. 'आलो' म्हटलं की तेवढ्यापुरतं थांबतं. मावशीला काही ऐकू येत नाही. "कुणाला रे सारखा आलो आलो म्हणतोस?" म्हणून ती बिचारी घाबरलीये.

मी त्याला म्हटलं, "अरे, ओ देऊच नकोस ना."

"एक दिवस माझ्या जागी राहून बघ," तो म्हणाला. चिडलाही नाही. चिडायचंही त्राण उरलं नव्हतं.

ती काकू त्या स्टुलावर खरंच झोपली होती का, हा प्रश्न मला हे ऐकल्यापासून छळतोय.

आज दुपारी तो माझ्याकडे जेवायला आला. डोळे खोल गेलेले. पहिल्यांदाच मला सगळं सविस्तर सांगितलं. मग "पडतो जरा" म्हणून सोफ्यावर आडवा झाला, ते डोळे मिटून पडलाय. मी शेजारीच बसून हे लिहितोय.

आणि मघापासून सोफ्याच्या लाकडी हातावर...

टक टक... टक.

मलाही ऐकू येतंय.

तो हलत नाहीये. मी एक शब्द बोललो, तर माझ्या भावाला झोप मिळेल. किती दिवसांनी मिळेल. लहानपणी माझ्या वाटचा मार त्याने खाल्लाय हो.

शब्द अगदी ओठांवर आलाय.

फक्त एकच गोष्ट आहे...

तो आज घोरत नाहीये.