वृंदाकाकूंची वेस

मिरजेत त्या वर्षी वेस बसवलेली सदतीस माणसं होती. वृंदा बावडेकर त्यांतली एक. पक्षाघातानं तिचा आवाज गेला होता आणि डाव्या पापणीखेरीज काही हलत नव्हतं. कानामागची सुपारीएवढी पेटी तिच्या मेंदूत जुळणारं वाक्य पकडायची, दूरच्या संगणकांवर चालणाऱ्या 'मेघपहाऱ्या'कडे पाठवायची आणि तिथून होकार आला की ते उशाजवळच्या स्पीकरमधून ऐकू यायचं. पेटीचं कंपनीनं ठेवलेलं नाव लांबलचक होतं, लोक तिला वेसच म्हणत.

पहाऱ्याला कारण होतं. सुरुवातीला चोरट्यांनी अशा पेट्यांत शिरून रुग्णांच्या तोंडी भलतंच काही घातलं होतं. तेव्हापासून नोंदणीशिवाय वेस चालू करायची नाही असा कायदा झाला. नोंदणीत त्या माणसाचा 'स्वभावठसा' घेत, म्हणजे हा माणूस काय बोलेल आणि काय बोलणार नाही याचा अंदाज. ठशाशी न जुळणारं वाक्य घुसखोराचं समजून तिथंच अडवलं जाई.

वृंदाचे यजमान हेमंतराव या वेशीवर बेहद्द खूश होते. पेज भरवली की ती 'छान झालीय' म्हणे, उशीर झाला की 'असू दे'. वेस बोलू लागल्यापासून पापणीच्या खुणा कुणी वाचेनासं झालं होतं. आजारानं माणसं किरकिरी होतात, आमची मात्र निवळली, असं ते येईल त्याला सांगत. तिला पुसणं, कुशीवर वळवणं, केस विंचरणं सगळं ते स्वतः करत. चौतीस वर्षांच्या संसारात इतकं सुख त्यांना लागलं नव्हतं, आणि त्यांच्या मनात काही पाप नव्हतं.

अकरा महिने झाले तशी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी इस्पितळाची इंजिनिअर रुखसार मुजावर घरी आली. तिनं वेशीचा अहवाल उघडला. अडवलेली वाक्यं पहिल्या महिन्यात दोन हजार सहाशे चौदा होती. मग दर महिन्याला आकडा उतरत गेला होता. सरत्या महिन्यात अकरा.

इतके घुसखोर, म्हणून हेमंतरावांची पाचावर धारण बसली. रुखसारनं सांगितलं की हल्ला एकही झालेला नाही, यातलं प्रत्येक वाक्य काकूंच्याच डोक्यात उमटलेलं आहे.

"काका, नोंदणीच्या वेळी उत्तरं कोणी दिली होती?"

त्यांनी काही लपवलं नाही. प्रश्न एकशेऐंशी, आणि ती बिचारी पापणीच्या उघडझापीनं एकेक अक्षर जुळवणार. त्यांना तिची दया आली. मी सांगतो की, म्हणाले, आणि बसल्या बैठकीला सगळी उत्तरं देऊन मोकळे झाले. हिला राग येत नाही. ही उलटून बोलत नाही. हिची कशाबद्दल तक्रार नसते. हॉटेलात वेटरनं तिला विचारलं तरी 'तिला साधा डोसा' हे तेच सांगत आले होते. फॉर्म भरून घेणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. बायकोच्या वतीनं नवऱ्यानं बोलणं आपल्याकडे कुणाला खटकतं? वृंदा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची हे त्यांना माहीत होतं, पण तिथली पोरं तिला टरकून असायची हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"काय म्हणत होती ती?" त्यांनी विचारलं.

"ते कधीच कळणार नाही. पहारा अडवलेलं वाक्य मोजतो, साठवत नाही."

रोज प्रेमानं हिचे केस विंचरले आणि रोजच हिच्या तोंडावर हात दाबून धरला, हे हेमंतरावांना उमगलं आणि लाजेनं त्यांची मान वर होईना. ही नोंदणी आत्ताच्या आत्ता रद्द करा, तिनं मला शिव्या घातल्या तरी चालतील, असं ते कसंबसं म्हणाले.

रुखसारनं त्यांना आधी एक समजावलं. "काका, पाऊलवाटेवर कुणी चालेनासं झालं की गवत माजतं. मेंदूचंही तसंच आहे. जे वाक्य बाहेर पडत नाही ते जुळवणं तो हळूहळू सोडून देतो. आकडा का उतरला, लक्षात आलं ना?"

तरीही करा, ते म्हणाले.

या वेळी नियम काटेकोर पाळायचा होता. नातेवाइकानं खोलीबाहेर थांबायचं. हेमंतराव अर्धवट लोटलेल्या दाराबाहेर खुर्ची घेऊन बसले. रुखसारनं जुना ठसा पुसला आणि पहारा बंद केला. आता वेस सताड उघडी होती. वृंदाच्या मनात जे उमटेल ते जसंच्या तसं ऐकू येणार होतं. एखादी खणखणीत शिवी यावी, म्हणून हेमंतराव आयुष्यात पहिल्यांदा देवाचा धावा करत होते.

"वृंदाकाकू," रुखसारनं पहिला प्रश्न विचारला, "तुम्हाला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो?"

बराच वेळ स्पीकर नुसता खरखरत राहिला. अडवलेल्या वाक्यांचा आकडा शून्यावरच होता.

मग स्पीकर शांतपणे म्हणाला, "ह्यांना विचारा."

रुखसारनं दार उघडून हेमंतरावांकडे पाहिलं. त्यांना ते माहीत नव्हतं.